बर्निसची परीक्षा

आमच्या आणि बर्निसच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर होत्या. मध्ये दोन ड्राइव्हवे, आणि हिवाळ्यात त्यांच्या कडेला माझ्या कमरेएवढा बर्फाचा ढीग. आईने सिंकपाशी उभं राहून मान वर केली की समोर बर्निस तिच्या सिंकपाशी दिसायची, आणि दोघी एकमेकींना हात करायच्या. अमेरिकेत, ईडन प्रेरीला आलो त्या पहिल्या वर्षी आईचं इंग्रजी बेताचं होतं, त्यामुळे मैत्री एवढ्यावरच होती. पुढे डबे सुरू झाले. बर्निस काचेच्या मोठ्या भांड्यात हॉटडिश घेऊन यायची, खाली खिमा, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या. बाबा म्हणायचे, "बाईचं मन मोठं आहे, पण मीठ कुठे ठेवते कोण जाणे." आई त्याच भांड्यातून आमचा नागपुरी पातोडी रस्सा पाठवायची. बर्निस तो दुधाच्या ग्लासाबरोबर खायची. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि वर विचारायची, आणखी आहे का. आमच्या कुकरची शिट्टी तिला ऐकू जायची. आई तिला "बर्निसताई" म्हणायची आणि मी "मावशी" म्हणावं असा तिचा आग्रह होता. मी नुसतं बर्निस म्हणायचे. त्या वयात मला अमेरिकन व्हायची घाई झाली होती.

तिने मला स्कीवर कसं नेलं, तर मी पडले नाही म्हणून. आमच्या ड्राइव्हवेवर काळा बर्फ होता, दिसत नाही तो. शाळेची बस गाठायला मी धावले आणि थेट रस्त्यापर्यंत घसरत गेले, पण उभीच्या उभी. बर्निस दारात होती. तिने मला हाक मारून परत बोलावलं आणि म्हणाली, "पुन्हा कर. पाय कसे ठेवलेस ते बघायचंय." बस चुकली. आईचा संताप झाला. पुढच्या शनिवारी मी बर्निसच्या गाडीत बसून टेकडीवर गेले. टेकडीच ती, डोंगर नव्हे. वरून खाली यायला पंचवीस सेकंद लागत, आणि वर न्यायला एक दोर होता, जो महिन्याला एक हातमोजा खाऊन टाकायचा. आता मी पश्चिम किनाऱ्याजवळ, बेलव्ह्यूला राहते. स्वच्छ दिवशी घरातून खरे, पांढरे डोंगर दिसतात आणि ओळखीची सगळी मंडळी वीकएंडला तिकडे धावतात. मी जात नाही. गुडघा दुखतो असं सांगते, आणि तो दुखतोही.

बर्निस कोण होती हे मला वर्षभराने कळलं, तिच्या तळघरात. ती उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या गावातली. वडील खाणीत, घरात सात भावंडं, आणि पहिली स्की भावाची, लाकडाची, तिच्याहून हातभर लांब, तीच तिथे भिंतीवर टांगलेली. अठराव्या वर्षी ती बसमध्ये बसून पश्चिमेच्या डोंगरांत गेली आणि एका लॉजच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. सकाळी दोनशे अंडी फोडायची आणि अकरा वाजता अ‍ॅप्रन काढून डोंगरावर पळायचं. तेव्हा चामड्याचे लेसचे बूट असत आणि स्की पट्ट्यांनी पायाला आवळलेली. पडलं तरी ती पायातून सुटायची नाही, मग पायच तुटायचा. डोक्यावर लोकरीची टोपी. तिसऱ्या हिवाळ्यात ती देशाच्या संघात आली आणि बोटीने युरोपला गेली. मुलांच्या संघाबरोबर मालीश करणारा माणूस होता. मुलींबरोबर एक बाई होती, जिचं काम मुली कुणाशी बोलतात ते बघणं. वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण बर्निसने मला दाखवलं होतं. त्यात तिच्या स्वेटरचा रंग होता, केसांचा रंग होता, लग्न ठरलंय का ते होतं. ती किती सेकंदांत खाली आली ते नव्हतं.

आणि एक शर्यत होती, जिच्याबद्दल ती उभ्यानेच बोलायची. दोन फेऱ्यांची स्लॅलम. पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या फेरीआधी नवा कोर्स लावतात, म्हणजे बर्फात रोवलेले काठ्यांचे दरवाजे, गेट्स, त्यांच्या मधून नागमोडी खाली यायचं. तो कोर्स आधी हळूहळू उतरत डोक्यात बसवायचा असतो. नेमकं तेव्हा संघाच्या मॅनेजरने तिला फोटोसाठी थांबवलं. देशाची सुंदर मुलगी पहिली आहे, एक फोटो हवाच. कोर्स बघायला तिला अर्धाच वेळ मिळाला. खालून सहाव्या गेटच्या चुकीच्या बाजूने ती गेली आणि बाद झाली. पुढच्या हिवाळ्यात पाय दोन ठिकाणी मोडला. मग लग्न, एक मुलगा, आणि शाळेत खेळाच्या बाई म्हणून आयुष्यभर नोकरी. "मी पडले नव्हते, सूजी," ती मला सांगायची. माझं नाव सुजाता, पण ते तिच्या जिभेवर बसलं नाही. "पडण्याचं काही वाटत नाही. मला पाठ नव्हतं."

म्हणून आम्हाला पाठ असायचं. निवृत्तीनंतरही ती आमच्या शाळेच्या मुलींच्या स्की संघाला शिकवायची. शर्यतीच्या दिवशी बर्निस आम्हा मुलींना कोर्सच्या कडेकडेने नेऊन एकेक गेट दाखवायची आणि मग वर ओळीत उभं करायची. डोळे मिटा, हात पुढे, आणि चला. लाल डावीकडून, निळं उजवीकडून, इथे उतार तुटतो, इथे बर्फ कडक आहे. हातांनी वळणं घेत आम्ही उभ्या जागी खाली जायचो. दुसऱ्या शाळांच्या मुली हसायच्या. घरीही मी डोळे मिटून पोळपाटासमोर हात हलवत उभी राहायचे आणि आई म्हणायची, "बाई गं, आधी ती पोळी उलट, मग कुठे जायचंय तिथे जा."

बर्निसचं विसरणं आईच्या आधी लक्षात आलं. मी मानायला तयार नव्हते. एकदा बर्निसने सकाळी दिलेली हॉटडिश दुपारी पुन्हा आणून दिली, तीच, तशीच. एकदा तिच्या शेगडीवर रिकामं भांडं लाल होईपर्यंत तापत होतं, तेही आईलाच खिडकीतून दिसलं. बर्निसचा नवरा केव्हाच वारला होता आणि मुलगा पॉल अ‍ॅरिझोनात होता. तो आला, तिला डॉक्टरकडे घेऊन गेला आणि तिथे स्मरणशक्तीची तपासणी झाली. तारीख, वार, महिना. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारणं. शंभरातून सात सात वजा करत जाणं. घड्याळाचं चित्र काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवणं. बर्निसच्या घड्याळात सगळे आकडे एकाच बाजूला आले होते. पॉलने डोळे पुसत आईला सांगितलं, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतील, तेव्हाही असंच निघालं तर मी तिला तिकडच्या वृद्धाश्रमात नेईन. वाळवंटात. जिथे बर्फ म्हणजे फ्रीजमधला.

तो गेल्यावर बर्निस आमच्याकडे आली आणि बाबांसमोर बसून म्हणाली, "प्रकाश, मी तिथे मरेन." हे तिने रडून सांगितलं नाही. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. सहा आठवड्यांनी तपासणी, आणि अकरा आठवड्यांनी आमची विभागीय शर्यत, जिच्यातून राज्याच्या शर्यतीला जाता येतं. बर्निस गेली तर मला वर उभं करून डोळे मिटायला कोण सांगणार? त्या क्षणी मला दोन गोष्टी वाटल्या, आणि तिच्याबद्दलची दया ही त्यातली दुसरी होती. पहिली शर्यत होती.

"बाबा, आपण तिची तयारी करून घेऊ या ना," मी म्हटलं. "क्वेश्चन्स माहीतच आहेत. इट्स जस्ट अ टेस्ट."

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते समजायला आमचं घर माहीत हवं. माझे आजोबा नागपूरच्या गिरणीत होते. बाबांना त्या वस्तीतून इंजिनीअरिंग कॉलेजला, तिथून पुण्याला आणि पुण्याहून इथे आणलं ते परीक्षांनी. एकेका परीक्षेने एकेक दार उघडलं, आणि प्रत्येक वेळी दारावर कुणीतरी त्यांना नाही म्हणायला बसलेलं होतं. त्यांची आई परीक्षेच्या हॉलबाहेर उन्हात तीन तास उभी राहायची. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बाबांच्या मार्कशीटची फाइल असायची. पेपर सुटला की माणूस सुटला, यावर आमचा जीवापाड विश्वास होता. पेपर कसला आहे हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"पॅटर्न कळलाय म्हणजे निम्मं काम झालं," बाबा म्हणाले. "बर्निस, यू विल पास. आय गॅरंटी."

आई ओट्यापाशी होती. ती वळून मराठीत म्हणाली, "अहो, पास होऊन डोकं बरं होतं का? तिला खरंच आठवत नाहीये."

"तिला तिच्या घरात राहायचंय. एवढंच मागतेय ती."

"आणि शेगडी?"

"शेगडीचं आपण बघू. तू समोरच तर असतेस."

सहा आठवडे आम्ही डोळ्यांत तेल घालून तिची तयारी करून घेतली. बाबांनी सरावाचे कागद छापून आणले. ऑफिसमधून आले की टाय सोडून तिच्यासमोर बसायचे आणि शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी असं तिच्याकडून घोकून घ्यायचे, इतकं, की पुढे ती ते पाढ्यासारखं म्हणू लागली. वजाबाकी त्यात उरलीच नाही. घड्याळ रोज वीस वेळा. आधी बारा, मग सहा, मग तीन, मग नऊ, मग मधले. तारखेसाठी तपासणीच्या दिवसाची तारीख आणि वार आधीच पाठ. राहिले ते तीन शब्द, कारण ते ऐनवेळी कोणतेही येणार. तिथे बाबा अडले, आणि ते मी सोडवलं. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

"बर्निस, कोर्स समज," मी म्हटलं. "तीन गेट्स आहेत. पहिला शब्द पहिल्या गेटवर बांध. डोळे मीट. काय दिसतंय?"

"लाल गेट."

"त्यावर छत्री. छत्री लटकतेय. दुसरं गेट निळं, त्यावर गाजर. तिसऱ्यावर पाद्री उभाय. आता खाली ये."

तिचे हात उठले. गुडघे किंचित वाकले. त्या थकलेल्या अंगात कुठून कोण जाणे, विशीतली मुलगी आली. "छत्री," ती डावीकडे झुकून म्हणाली. "गाजर." उजवीकडे. "बाप रे, पाद्रीबाबा, बाजूला व्हा." आम्ही तिघं हसत सुटलो. पाच मिनिटांनी विचारलं, दहा मिनिटांनी विचारलं, ती प्रत्येक वेळी खाली येत होती. त्याच संध्याकाळी जाताना ती आमच्या कोटांच्या कपाटात शिरली आणि म्हणाली, बाहेरचं दार कुठे गेलं. मी तिला हाताला धरून घरी सोडून आले. बाबांना सांगितलं नाही. आईने पाहिलं होतं. तिने कोटांच्या कपाटाचं दार नीट लावून घेतलं.

ती पास झाली. पॉलने डॉक्टरांच्या दवाखान्यातून आमच्या घरी फोन केला. आनंद त्याच्या आवाजात मावत नव्हता. मागच्या वेळी बहुधा औषधांमुळे तसं झालं असेल, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. बाबांनी टाळी वाजवली. आईने खीर केली, आणि ती करताना सारखी पदराच्या सवयीने ओढणी डोळ्यांना लावत होती. पॉल दुसऱ्या दिवशी परत गेला. या खेपेला तो तिच्यापाशी दोन महिने राहायच्या तयारीने आला होता, तो आता गरज नाही म्हणून गेला. कागदावर लिहिलं होतं ना, सगळं ठीक आहे. आमची वर्षानुवर्षांची सवय हीच होती, की कागद आला की मग कुणी काही विचारत नाही.

पुढचे पाच आठवडे आईने एकटीने काढले. स्वतःच्या सिंकपाशी उभं राहून तिने दिवसभर समोरच्या खिडकीवर नजर ठेवली. वाणसामान आणायला सुद्धा ती बाबा घरी आल्यावर जायची. विभागीय शर्यतीचा दिवस आला तेव्हा थंडी अशी होती की श्वास घेतला तर नाकातले केस ताठ होत. बर्निसला खोकला होता, म्हणून तिने यायचं नाही असं ठरलं. आई माझ्या एकाही शर्यतीला आली नव्हती. आदल्या दिवशी मी तिच्या मागे लागले.

"आई, प्लीज. एव्हरीबडीज मॉम कम्स. एकदाच ये ना."

"आणि बर्निसताई?"

"शी इज फाइन! टेस्ट पास झालीय ती, आई!"

मी हे म्हटलं. ती तपासणी मीच उत्तरं पढवून पास करवली होती आणि मीच ती पुरावा म्हणून आईच्या तोंडावर मारली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बोलताना मला ते खरं वाटत होतं. आई आली. तिने बर्निसला डबा नेऊन दिला, शेगडीची बटणं काढून पर्समध्ये टाकली, टीव्ही लावून दिला आणि बाबांच्या जाड कोटात माझ्या शर्यतीला येऊन उभी राहिली. मी दोन्ही फेऱ्यांत सगळी गेट्स घेतली. तिसरी आले. आईला काही कळत नव्हतं, ती सगळ्यांच्याच मुलींसाठी टाळ्या वाजवत होती. तिने जाकिटाच्या आत ठेवलेले पोळीचे रोल आम्ही गाडीत खाल्ले. ते अजून कोमट होते.

घरी आलो तर बर्निसच्या गॅरेजचं दार उघडं होतं. टीव्ही चालू होता. तळघरातल्या भिंतीवरची लाकडी स्की नव्हती. आई हाका मारत खोल्या धुंडाळत राहिली. पोलिसांना फोन मी केला. पण ती तासाभरापूर्वीच सापडली होती. तळ्याच्या बाजूच्या झाडीत, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला आलेल्या एका माणसाला ती दिसली. पातळ स्वेटर, लोकरीची टोपी, हातमोजे नाहीत, आणि स्की छातीशी कवटाळून उभी. आमच्या टेकडीकडे निघाली होती, बरोबर उलट्या दिशेने. त्या माणसाला तिने विचारलं होतं, मुली वर गेल्या का.

ती वाचली. पायाची सगळी बोटं आणि उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली. पॉल आला आणि इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये त्याने आईला मिठी मारली. "तुम्ही तिच्यासाठी इतकं केलंत," तो सारखा म्हणत होता. "डॉक्टर सुद्धा म्हणतात, कसं झालं कळत नाही. तपासणीत ती अगदी ठीक होती." बाबा भिंतीकडे बघत होते. माझ्या आयुष्यात त्या माणसाला मी परीक्षेत नापास झालेलं एवढं एकदाच पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर तेव्हा उघडायला हवं होतं. मी पॉलला कॉफी आणून दिली. बर्निसच्या खोलीत मी एकदा डोकावले. ती झोपली होती आणि पांढऱ्या पट्ट्यांचा हात चादरीवर होता. मी आत गेले नाही. राज्याच्या शर्यतीतून मी नाव काढून घेतलं आणि गुडघ्याचं कारण सांगितलं. ते कारण मी तेव्हापासून वापरते आहे.

तिला अ‍ॅरिझोनाला नेलं. समोरच्या घरात दुसरे लोक आले आणि त्यांनी खिडकीला पडदे लावले. दर ख्रिसमसला पॉलचं कार्ड यायचं, त्यावर आश्रमाचा फोन नंबर असायचा, आणि आई ते फ्रीजवर लावून म्हणायची, "सुजू, एक फोन कर गं तिला. मला फोनवर तिचं बोलणं समजत नाही, तू बोल ना." करते, करते म्हणत मी शाळा संपवली, कॉलेजला गेले. काय बोलणार होते? ती मला ओळखणार नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं, आणि ओळखेल या भीतीने फोनला हात लावत नव्हते.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी पॉलचाच फोन आला, माझ्या मोबाइलवर. नंबर आईने दिला होता. बर्निस गेली होती, तीन दिवसांपूर्वी, झोपेत. तो दमलेल्या, शांत आवाजात बोलत होता. मी हॉस्टेलच्या जिन्यात बसले आणि त्याला मध्येच तोडून सगळं सांगितलं. कागद, घड्याळ, गेट्सवरची छत्री, आणि शर्यतीसाठी मला ती हवी होती हे सुद्धा.

"मी दोन महिने राहायला आलो होतो," तो म्हणाला. "तो रिझल्ट बघून परत गेलो."

"मला माहीत आहे."

"म्हणजे ती मुलगी तू," तो म्हणाला.

"कोणती मुलगी?"

"ती सगळं विसरली होती. माझं नाव, डॅडचं नाव. पण रोज विचारायची, मुलगी कितवी आली? नर्सना विचारायची, जेवण आणणाऱ्याला विचारायची. आम्हाला वाटायचं, हे तिच्या जुन्या शर्यतींमधलं काहीतरी. नर्स सांगायच्या पहिली आली, पहिली आली. तिला ते पटायचं नाही. ती पुन्हा विचारायची. गेली त्या रात्री सुद्धा विचारलं." त्याने श्वास घेतला. रागावणार, असं मला वाटलं. मला ते हवं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "कितवी आली होतीस?"

"तिसरी," मी म्हटलं.